ताईचा ठोका

१

तिकीटखिडकीच्या काचेवर अकरा नियम चिकटवले होते. दहा कुणालाही समजतील असे: गाडी चालू असताना उभे राहू नये, हात बाहेर काढू नयेत, कचरा टाकू नये. अकरावा असा: ‘मागच्या बाकावरील प्रत्येक प्रवाशाने आपला ठोका स्वतः द्यावा. दुसऱ्याचा देऊ नये.’

नियम दिसला की कारण विचारायचं, ही माझी चौतीस वर्षांची सवय आहे. खिडकीतल्या बाईंना विचारलं.

“गाईड सांगतील.”

“चिकटवलाय तुम्ही, तर तुम्ही सांगा.”

“तो आधीपासून आहे. मी फक्त काच पुसते.”

ताई माझ्या मागून म्हणाली, “त्यांना सोड. तिकीट घे आणि गाडीत बसून भांड.”

जुन्या बंदराच्या भागात नगरपालिकेने बाकी सगळ्या गाड्या बंद करून एकाच कंपनीच्या विजेच्या गाड्यांना रान मोकळं करून दिलं होतं. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना औषधं आणायलाही पायपीट, आणि पर्यटक मात्र छपराखाली बसून दीपगृह बघणार. यावर मला लिहायचं होतं. पण वही घेऊन एकटा माणूस फिरला की लोक सावध होतात. बरोबर सहासष्ट वर्षांची बहीण असली की कुणी ढुंकून बघत नाही. म्हणजे ताईला मी माझ्या बातमीच्या सोयीसाठी नेलं. हे आधीच लिहून टाकतो, नंतर कुणी मला दया दाखवायला नको.

२

गाडी सहा जणांची होती. पुढे गाईड, तोच गाडी चालवणारा, आणि त्याच्या शेजारी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं. मधल्या बाकावर एक दुर्बीणवाले गृहस्थ आणि त्यांची बायको. मागचा बाक उलट्या तोंडाचा. त्यावर बसलं की जिथे जायचंय ते दिसत नाही, जिथून आलो ते दिसतं. ताईने तोच निवडला.

“आयुष्यभर मुलांना नकाशे शिकवले,” ती म्हणाली. “आता मागे काय राहिलं ते बघते.”

गाईड पन्नाशीचा, नम्र, निळ्या कोटातला. त्याने ठोक्याची रीत सांगितली. गाडीला इंजिनाचा आवाज नाही, चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावरून निघताना तो “मागे?” असं विचारणार. मागच्यांनी छपराच्या दांड्यावर बोटाच्या पेराने एकेक ठोका द्यायचा. दोन माणसं, दोन ठोके. मग गाडी सुटणार. वाटेत थांबवायची असेल तर लागोपाठ तीन.

“आरसा लावा ना,” मी म्हणालो. “विजेची गाडी घेता आणि आरसा नाही?”

“होता, साहेब. काढला.”

खरंच, दांड्याच्या टोकाला दोन स्क्रूची भोकं होती.

“का काढला?”

“तक्रारी यायच्या.”

“कसल्या?”

“आरशात दिसतंय म्हणून.”

मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करणाऱ्यांतला नव्हता. समोर रस्त्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून तो थांबला होता.

“मागे?”

मी ठोका दिला. ताईने दिला. तिचा जरा जोरात. पस्तीस वर्षं टेबलावर डस्टर आपटलेला हात. गाईडने मान किंचित कलती केली आणि ठोके संपल्यावरही चार-पाच श्वास ऐकत राहिला. मग समोरची भिंत माझ्यापासून लांब जाऊ लागली, तेव्हा कळलं की आपण निघालो.

३

जकातघरापाशी आम्ही उतरलो. जाड भिंती, गजांच्या खिडक्या, आत वजनाचे काटे. गाईडने दीपगृह उत्तरेला आहे असं सांगितलं. ताई म्हणाली, “वायव्येला.” त्याने होकायंत्र काढून बघितलं आणि क्षमा मागितली. दुर्बीणवाल्यांनी बायकोला सीगल दाखवला. ताई म्हणाली, “सीगल नव्हे, सुरय. शेपूट बघा, कात्रीसारखी.” ते गृहस्थ पुढचे दोन तास आमच्याशी बोलायचे बंद झाले.

धक्क्याच्या कठड्यावर आम्ही दोघं बसलो. वारा होता. भावजी गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ताई माझ्याच घरात राहते. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रोजची भांडणं. मी अविवाहित, ती हट्टी. खिडकी उघडी की बंद, यावरून आम्ही एकदा तीन दिवस अबोला धरला होता. घरात मला ‘वकील’ म्हणतात. ते नाव तिनेच ठेवलं, मी सात वर्षांचा असताना, बाबांचा रेडिओ फुटला त्या दिवशी. रेडिओ तिने पाडला. ती म्हणते, मी वायर ओढली. साठीतही निकाल लागलेला नाही.

“ताई, एक विचारू?”

“तेच विचारणार असशील तर नको.”

तेच होतं. आई गेली त्या दुपारी मी खाली औषध आणायला गेलो होतो. वीस मिनिटं. तेवढ्यात आई ताईशी काहीतरी बोलली. ताईने ते मला कधी सांगितलं नाही.

“एकोणीस वर्षं झाली,” मी म्हणालो.

“ते तुझ्यासाठी नव्हतं, वकील.”

“मग कुणासाठी?”

“माझ्यासाठी. सगळंच छापायचं नसतं.”

तिने पर्समधून लिंबाच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली. त्या गोळीचा कागद अजून माझ्या खिशात आहे.

४

तिसरा थांबा दोरखान्याचा. जहाजांचे दोर जिथे वळायचे, ती लाकडी पडवी. रुंदी एका खोलीएवढी, लांबी तीनशे पावलं. छपरातून उन्हाच्या तिरिपी पडलेल्या. आत शिरलं की दुसरं टोक दिसत नाही, नुसता राखाडी धुरळा दिसतो. बोललेलं परत येत नाही. आवाज कुठेतरी पुढे जात राहतो असं वाटतं.

गाईडने सांगितलं, एक माणूस इकडे चाक फिरवायचा, दुसरा पोटाशी वाख, म्हणजे दोराचे धागे, बांधून उलटा चालत जायचा. दोर वळत जाई तसा तो मागे मागे सरकायचा. शेवटी शेवटी एकमेकांना दिसायचे नाहीत. म्हणून फळीवर ठोका. उलट चालणारा ठोका देई, चाकवाला थांबे.

“आणि चाकवाल्याने त्याचा ठोका स्वतःच दिला तर?” मी खवचटपणे विचारलं.

गाईडने दारातूनच उत्तर दिलं. तो आत आला नव्हता. “मग तिकडचा केव्हा थांबला, ते इकडे कळत नाही.”

परत निघताना पडवीच्या मध्यावर ताईच्या सँडलचा पट्टा तुटला. ती एका दगडी उंचवट्यावर बसली.

“तू हो पुढे. मी बांधून आलेच.”

“काय बांधतेस? पाय ओढत ये.”

“मी काय फाटका पतंग आहे ओढत न्यायला? हो पुढे म्हटलं ना.”

पिन असती तर काम झालं असतं, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही. पर्समध्ये नको ते सगळं असतं, पिन तेवढी नसते, असं काहीतरी मनातच पुटपुटत मी बाहेर आलो आणि बाकावर बसलो.

दुर्बीणवाले घड्याळ दाखवत होते. दीपगृह पाच वाजता बंद होतं.

“मागे?” गाईड म्हणाला.

मी माझा ठोका दिला.

“दुसरा?”

“येतेय ती. दहा पावलांवर आहे.”

“येऊ द्या. त्यांचा त्या देतील.”

“अहो, मी सांगतोय ना.”

“त्यांचा त्यांनी द्यायचा, साहेब.”

“का? कारण सांगा. एक तरी कारण सांगा आणि मी गप्प बसतो.”

तो गप्प. माझं डोकं तडकलं. चौतीस वर्षं मी अशा गप्प बसणाऱ्या माणसांसमोर काढली आहेत: खिडकीतले, टेबलामागचे, ‘साहेबांना विचारा’वाले. मी पूर्ण वळून, मधल्या बाकापलीकडच्या त्याच्या मानेकडे बघत हात वर केला आणि दांड्यावर दुसरा ठोका दिला. चांगला जोरात. ताईसारखा.

“हा घ्या. पाळला नियम. आता?”

गाईडचे खांदे खाली आले. तो ऐकत राहिला. मीही त्याच्या मानेकडे बघत राहिलो. आता याला काय म्हणावं याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारी बाक दबला. कुणी बसल्यावर दबतो तसा. लिंबाच्या गोळीचा वास आला.

“चला,” ताई म्हणाली.

गाडी सुटली.

५

मी नीट बसलो. ताई पर्स मांडीवर ठेवून, दोन्ही हात पर्सवर ठेवून बसली होती. स्कार्फ डोक्यावरून, फिका पिवळा, सकाळी वेशीपाशी विकत घेतलेला. पायात दोन्ही सँडल.

“जमलं वाटतं.”

“हो. पिन लावली.”

मी बरं म्हणालो. माणसं सुचवल्याशिवायही पिन लावतात.

दोरखान्याचं दार लहान होत चाललं होतं. मागच्या बाकाची हीच मौज. सगळं हळूहळू निरोप घेतं. त्या दारातून एक बाई बाहेर आली.

स्कार्फ पिवळा होता. एका पायात सँडल होती, दुसरी हातात. तिने इकडे तिकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि धावायला लागली. अनवाणी पाय दगडांवर टेकताना ती किंचित लचकत होती. ताईचा डावा गुडघा तसाच लचकतो. तिने सँडल धरलेला हात उंच करून हलवला. तोंड उघडत होतं, मिटत होतं. गाडीला आवाज नव्हता, रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं, तरी मला काही ऐकू येत नव्हतं.

मी काय विचार केला ते लिहितो. एक, असे स्कार्फ वेशीपाशी टोपलीभर विकायला होते. दोन, ऊन समोरून येत होतं. तीन, ताई माझ्या शेजारी बसली आहे. तिचा कोपर माझ्या कोपराला लागतो आहे. जे हाताला लागतं ते खरं, लांबून दिसतं ते तपासायचं. हे मी दर वर्षी नव्या बातमीदारांना शिकवलं आहे.

“दुसरीच कुणीतरी आहे,” शेजारून आवाज आला. “तुझा नंबर वाढलाय. अर्ध्याने.”

नंबर अर्ध्याने वाढला होता. मंगळवारी डोळे तपासून आलो होतो. ताईला सांगितलं नव्हतं, कारण तिने लगेच ‘रात्री वाचत बसतोस म्हणून’ सुरू केलं असतं.

मी दांड्याकडे हात नेला. तीन ठोके. एवढंच करायचं होतं. पण पुढे तो गाईड होता, ज्याच्याशी मी आत्ताच भांडलो होतो. गाडी थांबली असती, सगळे वळले असते. मी काय म्हणणार होतो? माझी बहीण मागे राहिली, ही बघा इथे बसलीय?

हात खाली घेतला. ती बाई अजून धावत होती. गाडी कोठारांच्या कोपऱ्यावर वळली आणि मध्ये भिंत आली.

६

दीपगृहाच्या पायथ्याशी दुर्बीणवाले स्वतःहून जवळ आले. चिखलात एक तपकिरी पक्षी चालत होता, चोच लांब, खाली वाकलेली.

“बाई, हा कोणता? आम्ही हरलो, तुम्हीच सांगा.”

ताईने पक्ष्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मला तो पक्षी माहीत नव्हता.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली.

आम्ही बाकड्यावर बसलो. मी हसत, सहज विचारावं तसं विचारलं, “काय गं, बाबांचा रेडिओ कुणी फोडला?”

“मी,” ती म्हणाली. “माझ्याच हातून पडला. तू म्हणतोस तेच खरं.”

त्रेपन्न वर्षं मला हे वाक्य ऐकायचं होतं. ऐकलं आणि मी बाकड्यावर तिच्यापासून हातभर सरकलो.

“आणि आई शेवटी काय म्हणाली?”

ती माझ्याकडे वळली. चेहरा ताईचा होता. हनुवटीवरचा तीळ, भुवईतला पांढरा केस, सगळं जिथल्या तिथे. डोळे शांत होते, पाहुण्याला काय हवं नको ते विचारणाऱ्या माणसासारखे.

“तुला काय वाटतं,” ती म्हणाली, “काय म्हणाली असेल?”

७

तिला चहाच्या टपरीवर बसवून मी गाईडला गाठलं. तो गाडीची तार खांबाला लावत होता.

“मागे वळून बघा,” मी म्हणालो. “त्या बाई बसल्यात, त्या बघा.”

“मी नाही बघत, साहेब.”

“माझी बहीण दोरखान्यात राहिलीय.”

“दोन ठोके आले होते.”

“दोन्ही मी दिले. तुम्हाला माहीत होतं.”

“म्हणून तर सुटलो नाही लगेच. वाट बघितली. वाटलं, तुम्ही तीन द्याल.” त्याने तार घट्ट बसवली. “आधी द्यायचे लोक तीन. एक-दोघांनी दिले.”

“आणि ज्यांनी नाही दिले?”

“ते आपल्या माणसाला घेऊन घरी गेले. कुणाची तक्रार नाही आली.”

मी दोरखान्यापर्यंत जवळजवळ पळत गेलो. अजून उजेड होता. पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाका मारल्या, परत आलो. कुणी नव्हतं. त्या उंचवट्यापाशी सँडलचं बक्कल पडलं होतं, तुटलेल्या पट्ट्याच्या बोटभर तुकड्यासकट. उचललं तर ते कोमट होतं. उन्हानेही झालं असेल, म्हणा.

टपरीवर परत आलो तेव्हा ती तशीच बसली होती. चहा संपला होता. पायात दोन सँडल, दोन बक्कलं, आणि पिन नव्हती कुठेच.

८

पोलीस चौकीतल्या अर्जात पहिला रकाना होता बेपत्ता व्यक्तीचा, दुसरा शेवटची कुठे दिसली त्याचा. मी लिहिलं: सध्या घरी. हवालदाराने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी दिलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही पाणीच दिलं असतं.

घर आता फार शांत आहे. स्वयंपाकघरात ती मटार सोलते, तेव्हा दाणे वाटीत पडल्याचा आवाज माझ्या खोलीत येतो. मी टाइप करायचं थांबवलं की तोही थांबतो. खिडकी मला हवी तेवढी उघडी असते. मी मुद्दाम बंद केली, ती काही बोलली नाही. सताड उघडली, काही बोलली नाही. एकदा मी म्हणालो, दीपगृह दक्षिणेला आहे. “हो,” ती म्हणाली. मी दार लावून घेतलं आणि पलंगावर बसून राहिलो.

भाची, ताईची एकुलती एक मुलगी, दर रविवारी फोन करते. तिसऱ्या रविवारी तिने मला एकट्याला फोनवर बोलावलं.

“मामा, आई बरी आहे ना?”

“का गं?”

“किती शहाण्यासारखी वागतेय. माझं काही चुकलं असं एकदाही म्हणाली नाही. मी विचारलं, माझ्या जन्माच्या वेळची ती गोष्ट परत सांग ना, हॉस्पिटलातली. तर म्हणते, मामाला विचार.”

मी तेव्हा तिथे नव्हतो. ती गोष्ट मला माहीत नाही.

“वय झालं तिचं,” मी म्हणालो. बातमी दाबणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. ही मी दाबली. पोरीला फोनवर काय सांगणार होतो?

फोन ठेवला तर ती दारात उभी होती.

“बरं केलंस,” ती म्हणाली.

९

मी नऊ वेळा त्या गाडीत बसलो आहे. एकटा, मागच्या बाकावर. एक ठोका देतो. गाईड ओळख दाखवत नाही, पण दोरखान्यावरून निघताना माझ्यासाठी गाडी हळू चालवतो.

ती दिसते. उतरून शोधलं की कुणी नाही. गाडी निघाली की दारातून बाहेर येते. पहिल्या तीन वेळा धावत होती. मी तीन ठोके दिले, गाडी थांबली, उडी मारून मागे पळालो. रिकामा रस्ता. चौथ्या वेळेपासून ती चालते. सँडल हातात आहे, पण हात हलवत नाही. बोलते मात्र अजून. आधी मला वाटलं, हाका मारते. आता तिच्या ओठांकडे नीट बघतो. नवा चष्मा केला आहे. हाका नाहीत त्या. लांबलचक काहीतरी सांगते आहे, मध्ये थांबून, बोट उगारून, वर्गात समजावून सांगावं तसं. गेल्या खेपेला ती दाराच्या उंबऱ्यापुढे आली नाही. तिथेच उभी होती, आणि तिच्या मागे त्या राखाडी धुरळ्यात दोराला पीळ बसतो तसं काहीतरी सावकाश फिरत होतं. मी नीट पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

नऊ खेपांत एक गोष्ट कळली. माणूस उतरून परत गाडीत बसणार असेल, तोवर ती पडवी नुसती पडवी असते. गाडी आपल्याशिवाय सुटली पाहिजे. म्हणजे उतरायचं, आत जायचं, आणि कुणीतरी आपला ठोका द्यायला हवा.

हे मी कुणाशी बोललो नाही. लिहूनही ठेवलं नव्हतं. आज सकाळी चहा घेताना ती म्हणाली, “उद्या मीही येते. तू उतर, हवं तेवढं शोध. तुझा ठोका मी देईन.”

मी नको म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि सँडल पुसायला बसली.

भाचे, हा कागद तुझ्यासाठी आहे. उद्या मी तिला बरोबर नेणार आहे. एक प्रत माझ्या संपादकाकडे दिली आहे, त्याला म्हणावं एक शब्द कापू नकोस. उद्या संध्याकाळी माझ्या घरी माझ्यासारखा कुणीतरी परत येईल. त्याच्याशी वाद घाल. म्हण, रेडिओ तूच फोडलास, माझी आई कायम खरं बोलत होती. तो चिडला, आवाज चढवला, पुरावा मागायला लागला, तर दार सताड उघड आणि त्याच्या मागे एका पायाने अनवाणी बाई उभी आहे का बघ.

तो ‘हो, मीच फोडला’ म्हणाला, तर त्याला काही विचारू नकोस. चहा दे, बसू दे. दुसऱ्या दिवशी बंदरावर जा. मागच्या बाकावर एकटी बस आणि आपला ठोका आपणच दे. दोरखाना सुटला की दाराकडे बघ. त्या धुरळ्यात दोन माणसं दिसतील. ऊन समोरून असेल, चेहरे कळणार नाहीत. पण आम्हाला ओळखणं अवघड नाही. भांडत असू.